वर्तणुकीचा दाखला

"तुला अ‍ॅक्टिंग करावी लागणार नाही. घरीच सगळं पाहिलंयस."

इंग्रजीच्या बाई हे मराठीत म्हणाल्या. वर्गात चाळीस मुली होत्या आणि मराठी समजणाऱ्या आम्ही चौघी. एरवी बाई वर्गात इंग्रजीशिवाय तोंड उघडत नसत. म्हणजे हे वाक्य त्यांनी निवडून, मोजक्या कानांसाठी ठेवलं होतं. तिघी खाली बघून हसल्या. बाकीच्यांनी त्यांना कोपराने ढोसून विचारलं, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. घंटा होईपर्यंत सगळ्या वर्गाला ते कन्नडात आणि तमिळमध्ये कळलं होतं.

मी उभीच होते. बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

बी.ए.ला आम्हाला एक जुनी इंग्रजी कादंबरी होती. समुद्रापलीकडच्या एका कर्मठ ख्रिस्ती गावातली. लग्नाबाहेर मूल झालेल्या बाईला गाव चौकात उभं करतं आणि पापाची लाल खूण जन्मभर छातीवर वागवायला लावतं. गॅदरिंगला तिच्यातले दोन प्रवेश करायचे होते. त्या बाईचं काम मला मिळालं होतं. का मिळालं, ते बाईंनी सांगून टाकलं.

माझी आई शिवणकाम करायची. बसवनगुडीत देवळामागच्या गल्लीत आमची एक खोली, दारातच मशीन. आम्ही शिंपी, पिढ्यान्‌पिढ्या बंगलोरातले. घरात मराठी, त्यात निम्मं कन्नड. आईचा नवरा काम शोधायला म्हणून गुंटकलला गेला तो परत आलाच नाही. तो जाऊन सहा वर्षं झाली आणि मी जन्मले. एवढं गणित गल्लीत सगळ्यांना येत होतं. माझा बाप कोण, हे आईने कधी कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही. शाळेत घालताना मास्तरांनी त्या पळालेल्या माणसाचंच नाव बापाच्या जागी लिहिलं आणि तेच मला चिकटलं.

रस्त्यात मी आईच्या चार पावलं पुढे चालायची. हेही सांगून टाकते.

बाई पुण्याच्या. यजमान सरकारी कारखान्यात इंजिनियर. इकडे येऊन चार वर्षं झाली नाहीत तोच मराठी महिला मंडळाच्या अध्यक्षा झाल्या होत्या. कादंबरीतल्या बाईचे हाल वाचताना त्या थांबायच्या, चष्मा काढून डोळे टिपायच्या. "काय हा समाज," म्हणायच्या, "आणि तो सिम्बॉल बघा, मुलींनो. त्या खुणेत सगळ्या गावाचं पाप आहे." मीही त्यांच्याबरोबर रडले होते. आज ते आठवलं की मला माझ्या त्या अश्रूंची किळस येते.

कारण त्याच संक्रांतीला मी आईबरोबर त्यांच्या घरी ब्लाउज द्यायला गेले होते. पुढच्या खोलीत मंडळाच्या बायका बसलेल्या. हळदीकुंकू चाललेलं, अत्तराचा घमघमाट. बाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "मागच्या दाराने या हो. आणि तिथे कट्ट्यावर ठेवा." आईने कट्ट्यावर ठेवलं. तिने हात मागे घेतल्यावर बाईंनी ते उचललं. आईच्या हातून घ्यायचं नव्हतं त्यांना. पण आईच्या हातांनी टाके घातलेलं, तिच्या घामाच्या बोटांनी दाबून बसवलेलं कापड उघड्या अंगावर चढवताना त्यांना काही वाटत नव्हतं. तिथे शिवाशीव नव्हती.

वर्गात ते वाक्य बोलल्या त्या दिवशी वर्ग सुटल्यावर बाईंनी मला लाल साटिनचा तुकडा दिला.

"आईकडून भरून आण. जरीचा धागा वापर म्हणावं, लांबून उठून दिसलं पाहिजे. आणि हे बघ, ट्रेनिंग कॉलेजसाठी वर्तणुकीचा दाखला माझ्याकडूनच लागणार ना तुला? मग रिहर्सल चुकवू नकोस."

मला शिक्षिका व्हायचं होतं. त्या खोलीतून बाहेर पडायची माझ्याकडे तेवढी एकच वाट होती आणि तिच्या दाराशी बाई बसल्या होत्या. मी साटिन घेऊन घरी आले. आईला सांगितलं, नाटकात राणीच्या पोशाखाला लावायचंय.

आईने मंडळातल्या बायकांचं शिवणकाम बाजूला ठेवलं. दोन संध्याकाळ दारातल्या उजेडात बसून ती जरीचं भरतकाम करत राहिली. माझ्या मुलीचं नाटक आहे, असं समोरच्या अक्कांना सांगितलंही. स्वतःला डागणारी खूण ती किती मन लावून भरत होती. मला बघवेना. मोरीत जाऊन मी ओकले. परत आले आणि सगळं सांगितलं, वर्गातलं वाक्यसुद्धा.

आईची सुई थांबली.

"ही बाई पुढे काय करते?"

"गावातच राहते. मुलीला वाढवते."

"सरी, ठीक आहे मग," आई म्हणाली आणि दाताने दोरा तोडला.

तिच्या शांतपणाने माझं डोकं फिरलं. कारण मला एक गोष्ट माहीत होती. बाईंची धाकटी बहीण त्यांच्याकडे राहायची. लग्न व्हायचं होतं. आदल्या पावसाळ्यात तिचे ब्लाउज तीन महिन्यांत दोनदा सैल करायला आले होते. शिवणी मीच उसवल्या होत्या. शिवणीत आत राखलेली जादा कापडाची माया संपली तेव्हा आईने कुशीत पट्ट्या जोडल्या. मग बहीण प्रकृतीसाठी म्हणून नाशिकला गेली. आई एक शब्द बोलली नव्हती.

"उद्या वर्गात सांगते," मी म्हटलं. "मराठीत नाही. इंग्रजीत. सगळ्यांना कळू दे."

आईने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट तिने कधी धरलं नव्हतं.

"सुम्ने, गप रहा. त्या पोरीने तुझं काय केलंय? माप द्यायला हात वर करून उभी राहायची, लटलट कापायची. तिला चौकात उभी करणार तू? मग तुझ्यात न् त्या बाईत स्वल्प तरी फरक राहिला का?"

मला आईचा राग आला. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. खरं सांगायचं तर तिचं म्हणणं पटलं होतं, म्हणूनच राग येत होता.

रिहर्सलला मी ती जरीची खूण बाईंच्या टेबलावर ठेवली. सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत बोलले. "हे काम मी करणार नाही. जिला अ‍ॅक्टिंग करावी लागेल अशा मुलीला द्या."

"आणि दाखला?"

"नको."

"आईवरच गेलीस," बाई म्हणाल्या. हेही मराठीत.

"हो," मी म्हटलं. "आमच्याकडे तुमच्या घरच्या शिवणी मी उसवते."

एवढंच निसटलं. पुढचं मी गिळलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला आणि त्यांचा हात आपोआप पदराकडे गेला. त्यांना वाटलं, आता ही बोलणार. त्यांची ती भीती बघताना मला गोड वाटलं. मग त्या गोडीचीच शिसारी आली. चौकात जमलेल्या त्या गावालाही असंच गोड वाटत असणार. मी बाहेर पडले. बहिणीबद्दल मी कधीच कुठे बोलले नाही, आणि इथेही तिचं नाव नाही.

दाखल्याशिवायच मी ट्रेनिंग कॉलेजचा अर्ज भरायला गेले. 'वडिलांचे नाव' या रकान्यापाशी हात थांबला. तो पळालेला माणूस माझा कुणी नव्हता. मी आईचं नाव लिहायला घेतलं. खिडकीतल्या म्हाताऱ्या कारकुनाने वाकून पाहिलं आणि कन्नडात हळूच म्हणाला, "पेन्सिलीने लिही अम्मा, मग खोडता येईल." भला माणूस होता. मी त्याचीच दौत मागून घेतली.

अर्ज परत आला. वर्षभर मी आईशेजारी काजं केली, बटणं लावली, उसवलं, शिवलं. "अर्जातून माझं नाव काढून टाक ग," आई म्हणायची, "कॉलेजात घेतील." पुढच्या वर्षी मी पुन्हा भरला. त्याच रकान्यात तेच नाव. रस्त्याने मी तेव्हापासून तिच्या बरोबरीने चालायला लागले होते.

आजवर जिथे जिथे तो रकाना आला तिथे मी शाईने तिचंच नाव लिहिलं आहे. मी मेल्यावर जो कागद होईल त्यावरही तेच लिहायचं, असं घरच्यांना बजावून ठेवलंय. कारकून नको म्हणाला तर कागद न घेता परत यायचं.