फरक तेवढा सांगा

आमच्या कचेरीतले बडे बाबू, म्हणजे मुख्य कारकून, एकदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगत नसत. सकाळी कुणी ‘कसे आहात?’ म्हणून विचारले, तर उत्तर ठरलेले : ‘कालच्याप्रमाणे.’ पंधरा दिवसांच्या रजेवरून आलेला माणूस इथली खबरबात विचारू लागला, की फाइलीतून मान वर न करता ते म्हणत, ‘फरक तेवढा सांगतो. पंखा दुरुस्त झाला.’ कचेरीने त्यांचे नाव डिट्टोबाबू ठेवले होते. ते त्यांना ठाऊक होते. त्यावर ते एकदा हसले होते, पुन्हा नाही.

मी तिथे सत्तरच्या दशकात टंकलेखक होतो. नागपूरच्या त्या सरकारी कचेरीत चारशे बारा माणसे, आणि प्रत्येकाच्या सेवेचे एक पान : नेमणूक, बदल्या, रजा, मुलेबाळे. आग लागली तर काय, या धास्तीने पानांची नक्कल खाप्याच्या उपकचेरीत ठेवण्याचा जुना हुकूम होता. दर तीन महिन्यांनी मी चारशे बारा पाने नव्याने टाइप करायची, दोन गठ्ठे बांधायचे आणि एस.टी.च्या टपावर चढवायचे. दुसऱ्या गठ्ठ्यापर्यंत बोटे सुजत.

बडे बाबू माझ्या टेबलाशी थांबले. ‘काहून टाइप करून राहिला बाप्पा हे सगळं?’

‘हुकूम आहे, बडे बाबू.’

‘मागच्या खेपेचा गठ्ठा खाप्याले आहे ना? त्याले काय झालं? फरक तेवढा पाठव.’

आम्ही मोजले. बदल झालेली पाने एकतीस. पुढच्या खेपेला एकतीसच गेली. मग त्यांना वाटले, अख्खे पान तरी कशाला, बदललेली ओळ पुरे. मग त्यांनी ओळीही तपासल्या. ‘सदर कर्मचाऱ्याची वर्तणूक समाधानकारक असून त्याच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही’ हे वाक्य तीनशे ऐंशी पानांवर होते. ते त्यांनी एका वहीत एकदाच लिहिले, त्याला सात नंबर दिला आणि वहीची एक प्रत खाप्याला पाठवली. त्यानंतर नुसता ‘७’. अशी चाळीस वाक्ये झाली. दोन गठ्ठ्यांचे एक पाकीट झाले. खाप्याच्या कारकुनाने ते पाकीट मिळाल्यावर कळवले, ‘पत्र पोचले, गठ्ठा पोचला नाही.’

घरीही हेच चाले. लग्न होऊन वर्ध्याला गेलेल्या मुलीला त्यांनी लिहिले, ‘नंबर २, नंबर ५. आईचा दात पडला.’ तिचे उत्तर मी स्वतः वाचले आहे : ‘बाबा, नंबर पाचात तुम्ही आशीर्वाद दिला आहे की गहू मागवला आहे? माझी वही हरवली.’

मग एका दिवाळीच्या सुट्टीत गच्चीवरची टाकी फुटली आणि दप्तराच्या खोलीत चार दिवस पाणी साचले. सेवेच्या पानांचा लगदा झाला. बडे बाबू आणि मी खाप्याला गेलो, जुना गठ्ठा, वही आणि फरकाच्या चिठ्ठ्या घेऊन आलो आणि तीन आठवड्यांत सगळी पाने पुन्हा उभी केली. शेवटी मी मोजली. चारशे अकरा.

नसलेले पान शामराव चौकीदाराचे होते. आमच्याकडे शामराव दोन, दोघेही चौकीदार, एक उंच, एक बुटका. दोघांच्या बापाचे नाव बकाराम, दोघे एकाच गावचे, नेमणूक एकाच दिवशीची. शाळेत नाव घालताना मास्तरांनी दोघांची जन्मतारीख एक जुलै टाकलेली. आमच्याकडे निम्मी माणसे एक जुलैचीच. उंचीचा रकाना पानावर नव्हता.

नवीन साहेबांनी उरलेले पान उंच शामरावाचे धरले आणि बुटक्या शामरावाला कळवले : सेवा सिद्ध होत नाही, महिन्याअखेर काम थांबवावे. सोळा वर्षांची नोकरी. तो येऊन बडे बाबूंच्या टेबलाशी उभा राहिला.

‘बडे बाबू, मी मेलो काय जी?’

‘तुझ्यात अन् त्याच्यात फरक काय, ते सांग.’

‘मी मी आहो, तो तो आहे. अजून काय फरक पाह्यजे तुमाले?’

बडे बाबूंनी दोघांना समोर बसवले आणि शामरावाच्या पानावरच्या सगळ्या चिठ्ठ्या पसरल्या. कागदावरचा शामराव एकाच आठवड्यात रजेवर होता आणि रामटेकला पहाऱ्यावरही होता. त्याला फेब्रुवारीत मुलगा झाला होता आणि जूनमध्ये मुलगी. हे आम्ही स्वतः पाठवले होते आणि कुणाला काही वाटले नव्हते.

‘पोरगी माही,’ बुटका म्हणाला.

‘मंग पोरगा माहा. माही बायको काय मशीन आहे काय गा?’ उंच म्हणाला.

संध्याकाळपर्यंत चिठ्ठ्यांचे दोन ढीग झाले. साहेबांना पटले की माणसे दोन आहेत. ‘पण याचे मूळ पान गेले कुठे? इथे नाही, खाप्यालाही नाही, मग सोळा वर्षांची सेवा कशावर धरू?’

लगदा अजून अंगणात वाळत पडला होता. बडे बाबूंची निवृत्ती चार महिन्यांवर होती आणि एक वर्षाच्या मुदतवाढीचा अर्ज याच साहेबांच्या टेबलावर होता. मी हळूच म्हणालो, ‘पाण्यात गेलं असेल, साहेब.’

‘पाण्यात नाही गेलं,’ बडे बाबू म्हणाले. ‘वही करताना मी फाडलं, खाप्यालाही फाडायला लावलं. एकाच पानाची दुसरी प्रत समजलो.’

साहेबांनी ते लिहून मागितले. अशा कबुलीसाठी वहीत एकोणीस नंबर होता, ‘नजरचुकीने, हेतू नसताना’ वगैरे. मी तोच टाइप करणार होतो. ‘नंबर नको,’ ते म्हणाले, ‘पुरं टाइप कर. शामरावाचं नाव बापाच्या नावासकट घाल.’

शामरावाचे पान झाले. बडे बाबूंच्या पानावर ताशेरा आला, मुदतवाढ नामंजूर झाली, आणि चारशे बारा पाने पूर्वीप्रमाणे टाइप करून पाठवण्याचा हुकूम निघाला.

शेवटच्या दिवशी बुटका शामराव त्यांची छत्री घेऊन सायकलरिक्षापर्यंत आला. हार रिक्षात ठेवत त्याने विचारले, ‘तुमी नसतं सांगतलं तर काय झालं असतं जी?’

‘काही नाही. मी आणखी एक वर्ष त्या खुर्चीत बसलो असतो.’

‘अन् मी?’

बडे बाबूंनी त्याच्या हातातून छत्री घेतली.

‘म्हणून तर सांगितलं, गा.’