तिरडीच्या बांबूंचे माप

कडूबाला मी किती ओळखत होतो असे कोणी विचारले, तर मला मान खाली घालावी लागेल. डोणगावजवळच्या आमच्या गावात चाळीस वर्षे आमची शेते शेजारी होती, पण त्याच्या मनातले मी कधी विचारले नाही. मला लिहायची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्यावे.

त्याच्या बांधावर जाड बांबूचे बेट होते, दुमजली शाळेहून उंच. गावातल्या प्रत्येक तिरडीचे दोन बांबू तिथूनच जायचे. न विचारता तोडायचे आणि निघताना ‘येतो’ म्हणायचे नाही, अशी रीत. तसे म्हटले तर पुढचे मरण बेटाच्या मालकाच्या घरी येते म्हणतात.

गेल्या वर्षी माझा भाऊ वारला. बांबू मीच तोडले आणि निघताना सवयीने बोलून गेलो, “येतो, कडूबा.”

तो म्हणाला, “काऊन म्हटलं बे असं? घरात आम्ही दोघंच आहो.”

त्याच आठवड्यात त्याची बायको, सत्यभामावहिनी, अंथरुणाला खिळल्या. धाप लागायची, डॉक्टरला कारण सापडेना. लाजेने मी तिकडची वाट सोडली. पण माझ्या शेतात ऐकू यायचे. वाऱ्याचा मागमूस नसायचा, आणि बेट आतून करकरायचे, कोणी ओझे खांद्यावर घ्यावे तसे.

वहिनी पडल्याच्या बाराव्या दिवशी भर दुपारी कडूबाने मला हाक मारली. सावलीत दोन बांबू तोडून, तासून ठेवलेले. तो त्यांच्या मधोमध उताणा पडला.

“माप बराबर आहे ना?”

“ऊठ बे! येडा झाला काय?”

“तू येतो म्हटलं, तं तुले यावंच लागते. पण तिच्यासाठी नको येऊ. माह्यासाठी ये.” पडल्या पडल्या तो हसत होता.

त्या संध्याकाळी बेट करकरायचे थांबले. दुसऱ्या दिवशी वहिनी उठून चुलीपाशी बसल्या. चौथ्या दिवशी सकाळी ते बांबू मी खांद्यावर घेतले. कडूबाला साधा तापही आला नव्हता. माप बरोबर निघाले.

आदल्या संध्याकाळी तो दूध घेऊन घरी जाताना रस्त्यात भेटला होता.

“शेतातल्या मोटरीची लाइन आली काय बे?” त्याने विचारले.

“आठले येते म्हणे.”

“बरं. मंग जेवून घेतो.”