डबा वाजू देऊ नको

कुसुमचा फोन आला तेव्हा मी तुरीची डाळ निवडत होते. "आई, सुमनबाई गेल्या," माझी लेक म्हणाली. मी म्हटलं, "हाव." आणि परत खडे वेचू लागले. डाळ झाली, सूप झटकलं, जागेवर टांगलं. मग चहा टाकला, तो प्यायचा राहूनच गेला... त्याला आता महिना होऊन गेला. रडू अजून आलेलं नाही. शेजारणी म्हणतात, येईल. येईल तेव्हा येईल.

बाई नांदेडच्या. नोकरीनं आमच्या चाकूर भागात आल्या, हायस्कूलवर. लातूर तेव्हा नवा जिल्हा झालेला आणि त्यावर दुष्काळ. आमचे मालक म्हणायचे, "जिल्हा जवळ आला अन् पाणी लांब गेलं." विहिरीत बादली सोडली की दगडावर आपटायची. गावातली शाळा सातवीपर्यंतच. कुसुम सातवी होऊन घरी बसली होती. बसली म्हणजे कुठं, माझ्यासंगं घागर घेऊन रानोमाळ हिंडत होती. हायस्कूल पलीकडच्या मोठ्या गावात. तिची शाळा संपली असं कुणी म्हणालं नव्हतं, पण सगळ्यांनी तसं धरलंच होतं.

एका दुपारी बाई पदर खोचून, सायकल मारीत आमच्या दारात आल्या. उंबऱ्यावर सासूबाई. त्या म्हणाल्या, "मास्तरीणबाई, घोडं भाईरच बांधा." बाई हसल्या. "आत्या, तुमच्या पडवीत बी एक घोडं हाय की. ते नातीला द्या शाळेला यायला." सासूबाई फणकारल्या, "पोरीनं टांग टाकून गावातून जायचं? अन् पाणी तुमी आणून देता का?" "तीच आणील. आमच्या शाळेचा हापसा आटला न्हाई. येताना दोन डबे भरून आणील. पण दिवसभर वर्गात बसलेल्या पोरीलाच मी हापशाला हात लावू देणार." सासूबाई उंबऱ्यावरून बाजूला सरकल्या. तहानेपुढं कोण बोलणार...

गावचं तळं आटलेलं. त्याच्या कोरड्या पोटात बाईंनी पोरींना कैची मारायला शिकवली, दांड्याखालून पाय घालून. मागून कॅरिअर धरून पळायच्या आणि ओरडायच्या, "चाकाकडं बघू नको गं, बांधाकडं बघ!" कुसुमचं बघून आणखी चार घरांनी सायकली काढून दिल्या. गोडेतेलाचे पत्र्याचे डबे कॅरिअरला दोन्हीकडं लटकवलेले. सकाळी जाताना सगळ्या गल्लीत खडखड, संध्याकाळी येताना डबे भरलेले, गप. पाणी हिंदकळू नये म्हणून वर लिंबाचा टहाळा. चढाला उतरून ढकलत आणायच्या. मी मात्र सकाळच्या खडखडीची वाट बघायचे. ती वाजली की समजायचं, आजची शाळा पदरात पडली.

पुढं पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं. विहीर भरली म्हणून काळजीत पडलेली गावात मी एकटीच असेन. पाणी दारात, मग सायकल कशाला? बाईंना निरोप धाडला. त्या आल्या, म्हणाल्या, "ताई, डबे सोडायचे न्हाईत. पोरगी मोकळी दिसली की लोक विचारतात कुठं चालली. डब्यासंगं दिसली की म्हणतात, कामाला चालली." झालं, डबे तसेच राहिले. पण आता पाणी कुणाला नको होतं, ते रिकामे येतानाही वाजायला लागले! पहिल्याच संध्याकाळी पलीकडच्या घरातून कुणी हसून विचारलं, "काय गं कुसुम, आज हापशाला बी सुट्टी का?" दुसऱ्या दिवशी बाईंनी पोरींची दप्तरंच डब्यात कोंबून दिली, वर टहाळा. डबे गप झाले. सासूबाईंनी एक डबा स्वतः उतरवून घेतला. त्यांनी टहाळा उचलला, आत पाहिलं, परत ठेवला. कुसुमला हळूच म्हणाल्या, "मला ठावं हाय आत काय हाय ते. गल्लीत वाजू देऊ नको, म्हंजे झालं."

पुढं बाई नांदेडला परतल्या. कुसुम तिथं त्यांच्याच घरी राहून शिकली, आज मास्तरीण आहे. मला अक्षर लागलं तेही तिच्याच पुस्तकांतून, चुलीपुढं बसून. नांदेडला जाताना तिनं सामान त्या पाण्याच्या डब्यांतल्याच एकात भरून नेलं होतं.

मागच्या आठवड्यात मी बाईंच्या घरी जाऊन आले. खोली झाडलेली, खाट उभी करून ठेवलेली. त्यांच्या भाचीनं कोपऱ्यातून तो डबा काढला. आत पंक्चरचं सामान... पान्हे, काचपेपर, रबराचे तुकडे. आसपासच्या पोरींच्या सायकली त्या शेवटपर्यंत दुरुस्त करून द्यायच्या म्हणे. सामान गल्लीतल्या पोरींनी मागितलं होतं, ते त्यांच्यासाठी काढून ठेवून भाची म्हणाली, "डबा तुमी न्या. मावशी म्हणायची, हा कुसुमच्या घरचा हाय."

येताना एसटीत तो पायाशी ठेवला. नांदेड सुटलं, रस्ता खराब लागला आणि डबा खडखड वाजायला लागला. माणसं वळून बघू लागली. मी अंगावरची शाल काढली, घडी केली, डब्यात दाबून बसवली.

डबा गप झाला. चाकूर येईपर्यंत मी त्याच्यावर हात ठेवून बसले होते.