तुरीतला दोन पायांचा लांडगा

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण हदगावजवळचं आमचं गाव मला मेजर म्हणतं. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. मग म्हटलं, बढती फुकट मिळतेय तर घ्यावी. तुम्ही मात्र हवालदारच समजा, कारण ही हकिगत फौजेत सुरू होते आणि तिथं हुद्दा चुकलेला चालत नाही.

शेवटच्या पोस्टिंगला आमची कंपनी काश्मीरमध्ये होती. रोजचं काम ठरलेलं. सकाळी रोड ओपनिंग, म्हणजे गाड्या सुटायच्या आधी रस्ता तपासायचा, त्यानंतर मक्याच्या शेतांची सर्च. पुढे कुत्रा आणि त्याचा हँडलर, मागे माझं सेक्शन. हँडलर होता नायक दिगंबर, औशाचा. कुत्रा जर्मन शेफर्ड, नाव बादल. दिगंबर औशाच्या किल्ल्याचं कौतुक सांगायचा, मी सहस्रकुंडाच्या धबधब्याचं. दोघांपैकी एकानंही दुसऱ्याचं कधी ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही. पण जेवायला बसलो की एकाच्या ताटातली चटणी दुसऱ्याच्या ताटात जायचीच.

बादलची शिस्त कडक होती. वस्तू असो की माणूस, सापडलं की तो समोर जाऊन बसायचा. भुंकायचा नाही. तो बसला की आम्ही समजायचो, मिळालं.

दुपारच्या विश्रांतीत दिगंबर त्याच्याशी लपंडाव खेळायचा. तो मक्यात दडून बसायचा आणि मी बादलला विचारायचो, "दिगंबर कुठंय?" मका छातीला आलेला, त्यात कुत्र्याला काय दिसणार? म्हणून बादल मागच्या पायांवर उभा राहायचा. तसाच चार पावलं चालायचा आणि कणसांवरून मान फिरवून बघायचा. एकदा कंपनी कमांडर साहेबांनी हे पाहिलं.

"नायक, ये सर्कस है क्या?"

"नहीं साहब. पेरिस्कोप है."

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी बंदही करायला सांगितलं नाही. फौजेत याला परवानगी म्हणतात.

मका कापणीला आला होता, तेव्हाची एक सकाळ. सर्च अर्ध्यावर असताना शेताच्या टोकाकडून फायर आला. आम्ही जमिनीवर पडून उत्तर दिलं. रेडिओवर साहेबांचा आवाज आला.

"टायगर टू, डॉग डिटेल रिपोर्ट."

मी पुढे सरकून बघितलं आणि सांगितलं, "डॉग सेफ. हँडलर हिट. ओव्हर."

दिगंबरला आम्ही स्ट्रेचरवर घालून रस्त्यापर्यंत नेलं. हेलिकॉप्टर येईपर्यंत तो टिकला नाही. तिकडे शेतात फायर थांबला, आणि मक्याच्या वर दोन कान आले. बादल मागच्या पायांवर उभा होता. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. नोकरीत मी पुष्कळ बघितलं, पण ते माझ्याच्यानं बघवलं नाही.

पुढे बादलनं दुसऱ्या हँडलरबरोबर चोख काम केलं, पण तो पुन्हा कधी तसा उभा राहिला नाही. तो रिटायर झाला तोवर मीही घरी आलो होतो. मी अर्ज केला आणि त्याला गावी आणलं. इथं तो लिंबाखाली झोपायचा, माझी बायको सुमन घालेल ती ताक-भाकरी खायचा. गाव त्याला मेजरचं आळशी कुत्रं म्हणायचं. पेन्शनीवर बसलेल्याला काय म्हणणार दुसरं?

गेल्या हंगामात सोयाबीन निघालं, तूर छातीला लागली आणि गावात आवई उठली. शेजारच्या नारायणची शेळी फाडलेली सापडली. दोन दिवसांनी दिवस मावळताना त्यानंच आपल्या तुरीत लांडगा पाहिला. लांडगा दोन पायांवर चालत होता. इस्माईलचाचा म्हणजे आमच्या गावचे म्हातारे टेलर. त्यांनी जुनी गोष्ट काढली. लांडगा लोळला त्याच मातीत माणूस लोळला, तर त्याला लांडग्याचं अंग येतं, मग तो संध्याकाळी शिवारात उभा फिरतो. मी म्हटलं, "चाचा, मातीत आमच्याइतकं कोणी लोळलं नसंल. अख्खी पलटण लांडगे झाली असती." सगळे हसले, पण दुसऱ्या दिवसापासून बायका एकट्या रानात जाईनाशा झाल्या.

मी हदगावला एका जिनिंगमध्ये सिक्युरिटीला आहे. एका दुपारी ड्युटीवर असताना मोबाइलवर गावच्या ग्रुपमधून व्हिडिओ आला. तुरीच्या वर दोन कान, चार पावलं, मान डावीकडे, मान उजवीकडे. मी लांडगा ओळखला. तेवढ्यात सुमनचा फोन आला.

"बादल घरी न्हाई ओ. अन् माणसं कुऱ्हाडी घेऊन नारायणभाऊच्या तुरीला येढा घालून राहिले."

सुपरवायझरला सांगून मी मोटारसायकल काढली. गाडीवर एकच विचार होता. काश्मीरात ज्याला गोळी लागली नाही, त्याला माझ्या गावची कुऱ्हाड लागू द्यायची नाही.

पोचलो तेव्हा बांधावर सारं गाव उभं होतं. नारायण सगळ्यात पुढे, हातात कुऱ्हाड.

"थांबा!" मी ओरडलो. परेडचा आवाज अजून शाबूत आहे. सगळे थांबले. "आत माझं कुत्रं हाय."

"मेजर, तुमचं कुत्रं उठून पाणी प्यायला कंटाळतंय," नारायण म्हणाला. "ते दोन पायांवर चालंल व्हय? माझी शेळी गेली. आज मी सोडणार न्हाई."

त्याचं चुकत नव्हतं. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. इस्माईलचाचा मध्ये आले.

"अरे, रीत हाय ना. ज्याचं अंग असंल त्याचं नाव घेऊन हाक मारायची. नावाला उठला तर हात लावायचा न्हाई. न्हाई उठला, तर तो लांडगा. मेजर, तुम्हीच मारा हाक."

मी हाक मारली. "बादल!"

तूर हलली नाही. मी पुन्हा हाक मारली. पानसुद्धा नाही. नारायणनं कुऱ्हाड खांद्यावर घेतली आणि माणसं दोन्ही बाजूंनी आत शिरू लागली. तेव्हा मला आठवलं. सर्चवर असताना बादल स्वतःच्या नावाला कधीच येत नसे. दिगंबरनंच तसं शिकवलं होतं, कारण नावानं हाक कोणीही मारू शकतो. आणि त्या तुरीत बादल ड्युटीवर होता. छातीएवढं पीक दिसलं आणि त्याची ड्युटी पुन्हा सुरू झाली होती.

मी छाती भरून विचारलं, "दिगंबर कुठंय?"

तुरीच्या वर दोन कान आले. मग तोंड, मग छाती. बादल मागच्या पायांवर उभा राहिला, चार पावलं चालला आणि त्यानं सगळं शिवार नजरेखालून घातलं. आत शिरलेली माणसं दोन पावलं मागे सरली. मग तो खाली आला, तुरीतून वाट काढत माझ्यापर्यंत पोचला आणि माझे हात हुंगून तसाच उभा राहिला. बसला नाही.

"उठला," इस्माईलचाचा म्हणाले. "कुऱ्हाडी खाली ठेवा."

नारायणनं कुऱ्हाड खाली ठेवली. "मेजर, दिगंबर कोण?"

तिथंच बांधावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. वर्षानुवर्षं घरातही न बोललेलं त्या दिवशी गावासमोर बोललो. पुढं फॉरेस्टच्या माणसानं ठसे बघितले. शेळी नेणारा लांडगा खरा होता, चार पायांचा होता आणि केव्हाच दुसऱ्या शिवारात गेला होता.

तूर काढली तेव्हा नारायणनं बांधालगतचा एक पट्टा उभा ठेवला. मी विचारलं तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. त्याला लागतीय ना."

संक्रांतीनंतर सुमननं फोन करून दिगंबरच्या आईला सगळं सांगितलं आणि बोलावलं. मावशी औशाहून एसटीनं आल्या. त्या थेट त्या पट्ट्याकडे गेल्या आणि बादलसमोर उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "मावशी, विचारू नका. तुम्हाला सोसायचं न्हाई."

त्यांनी विचारलंच. "बादल, माझा दिगंबर कुठं हाय रे?"

बादल उठला. तुरीवरून त्यानं चारी दिशांना पाहिलं. मग खाली उतरला, मावशींपाशी आला आणि त्यांचे दोन्ही हात बराच वेळ हुंगत राहिला. आणि त्यांच्यासमोर बसला.

"हा का बसला?" मावशींनी विचारलं.

"रिपोर्ट देतोय, मावशी. मिळालं म्हणतोय."

त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी सावधान उभा राहिलो.