मायच्या अंगठ्याखालचा खळगा

त्या सकाळी बाबांनी तलावात जाळे टाकले आणि ते ओढले नाही. ते तलावाच्या पाळीवर, बांधावर येऊन बसले. मायला म्हणाले, "दम पुरून नाई राह्यला." दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले की हृदय थकले आहे, अंगात पाणी साचेल, मीठ बंद करा. त्यानंतर बाबा तलावात उतरले नाहीत.

आमचे गाव नागभीडजवळ. बाबा मासे धरायचे, माय बाजारात विकायची. मी शाळेत शिकवते. औषधांच्या वेळा मी कागदावर लिहून भिंतीला लावल्या. मायला वाचता येत नाही; तिने गोळ्या रंगांवरून पाठ केल्या.

मायने भाजीतले मीठ त्याच दिवशी बंद केले. वाळवलेले मासे मात्र बंद केले नाहीत. आमच्याकडे मीठ म्हणजे डब्यातले. माशाला वाळवताना चोळलेले मीठ कोणी मिठात धरत नाही. बाबांना जेवण जाईना, म्हणून ती रोज दोन तुकडे चुलीत भाजून द्यायची. पंधरा दिवसांत बाबांचे पाय सुजले आणि त्यांना भरती करावे लागले. काय खाऊ घातले ते ऐकून डॉक्टर मायवर चिडले. खारवलेले काही नको असे सांगणारे दवाखान्याचे माहितीपत्रक मी वाचले होते, आणि त्याच पंगतीत बसून मीही ते मासे खाल्ले होते. ते मी डॉक्टरांना सांगितले नाही.

घरी आल्यावर मायने एक गोष्ट सुरू केली. मासा अंगठ्याने दाबून बघतात. मांस लगेच वर आले तर ताजा, खळगा राहिला तर शिळा. रोज सकाळी ती बाबांच्या नडगीवर तसाच अंगठा दाबू लागली.

"मले बाजारात मांडून राह्यली काय?" बाबा म्हणायचे.

"तुमाले कोन घेते? गिऱ्हाईक संध्याकाळी वापस आणून देईन."

खळगा राहिला की ती मला त्याच वेळी दवाखान्यात फोन लावायला सांगायची. पाणी उतरवायच्या गोळीचे काय करायचे ते डॉक्टर फोनवर सांगत. बाबांना पुन्हा भरती करावे लागले नाही. बाजारात बसणे मात्र तिने सोडले.

वर्षभराने नर्सिंग शिकणारी एक मुलगी घरी आली. तिच्या कागदावर लिहिले होते, हृदयरुग्णांची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांचे जीवनमान. हे मोजता येते, हे मला माहीत नव्हते.

"तुमची झोप कशी होते, काकू?"

"तीन उशा लागते ह्याइले. दोनवर दम लागते."

"ह्यांची नाही, तुमची."

"माही? हे झोपले का मी झोपतो."

प्रत्येक प्रश्नाला माय बाबांचेच सांगायची आणि मुलगी हसून पुन्हा विचारायची. काळजी घेण्याचे ओझे वाटते का, या प्रश्नावर माय म्हणाली, "वाटते तं. डोक्यावर टोपलं घेऊन कोसभर चालत होतो, तवा कोनी नाई विचारलं. पन उतरवून द्या म्हटलं काय मी?" मुलीने खूण केली आणि बाजूच्या कोऱ्या जागेत तिचे वाक्यही लिहून घेतले.

मग तिने वाचले, "काळजी घेण्यात आपण कमी पडतो असे वाटते का?"

माय चुलीकडे बघत राहिली. तिला काय आठवते आहे ते घरात तिघांनाही माहीत होते.

खाटेवरून बाबा म्हणाले, "कधीच नाई. तिथं खूण कर, पोरी."

"काका, हे त्यांनी सांगायचं असतं."

"थे नाई सांगनार. पाय माहे हायेत. मी सांगतो."

मुलीने मायकडे पाहिले. माय म्हणाली, "हे म्हणते तसं लिही."

बाबा पुढच्या उन्हाळ्यात गेले, घरीच, तीन उशांवर. त्या सकाळीही मायने अंगठा दाबून पाहिला होता. खळगा राहिला नव्हता.

मी खूप पुस्तके वाचली आहेत. शेजारच्या गावातल्या एका बाईच्या नवऱ्याचे पाय सुजतात, तिला नडगी दाबून बघायला मायने शिकवले, मी नाही.

आता माय पुन्हा बाजारात बसते. घरात वाळलेले मासे आणत नाही. एक उशी ती घेते, दोन फळीवर आहेत.