बाटलीतला दाणा

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करते. शिरूरजवळच्या एमआयडीसीत आम्ही सोलर सेलसाठी पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाचे पातळ थर बनवत होतो. पिवळं द्रावण काचेवर टाकायचं, काच गरागरा फिरवायची, नेमक्या सेकंदाला दुसरं द्रव सोडायचं आणि काच तापवायची. सगळीकडे एकदम बारीक स्फटिक धरले की काच काळसर, आरशासारखी होते. माझ्या काचा मात्र दिवसेंदिवस खरबरीत निघायला लागल्या.

माझ्या टेबलाशी झारखंडची एक मुलगी नवीन लागली होती. एका संध्याकाळी सगळे बससाठी निघाले असताना ती माझी द्रावणाची बाटली उघडून बसलेली दिसली. मला पाहून चपापली. माझं डोकंच फिरलं. मी तडक साहेबांना गाठलं. त्यांनी तिला काचा धुवायला बसवलं, आणि शनिवारपासून कामावरून कमी करायचं ठरवलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण काचा आणखीच बिघडल्या. गुरुवारच्या सुट्टीत पाटसला घरी गेले, आणि आबांपुढे रडगाणं गायलं. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जन्म साखर कारखान्यात गेला. उकळत्या पाकात दाणा धरवायचं काम त्यांचं.

"दाणा उगा धरत न्हाई," आबा म्हणाले. "कुणीतरी बी टाकतंय."

"तीच टाकत असणार!"

"तू थेंब कसा बघतीस?"

द्रावण तपासायची रीत मी त्यांच्याकडूनच शिकले होते. काडीनं थेंब काढायचा, काचेच्या तुकड्यावर उजेडात धरायचा, काडी परत बाटलीत.

"आगं, आमाला दाणा पायजेच असतो, म्हून काडी तशीच आत जाती. तुला बाटलीत न्हाई ना पायजे? काडीवर वाळतंय, तेच तुझं बी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी साहेबांपुढे चूक कबूल केली. मग तिच्याकडे गेले. ती बेसिनपाशी काचा धूत होती.

"बोतल में दाने दिखते थे, दीदी. मैं रोज़ शाम को फ़िल्टर से छान देती थी."

मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं.

"नई थी, डर लगता था. और आपने भी तो पूछा नहीं, सीधे साहब के पास गईं."

तिची नोकरी राहिली. तिनं फक्त टेबल बदलून मागितलं.