पानांचा कैवारी

झाडाचं पान म्हातारं झालं म्हणून ताटावरून उठणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. तो म्हणजे आमचे आतोबा, आत्याचे यजमान. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि डाळजच्या आपल्या डाळिंबाच्या बागेत जे शिरले ते तिथलेच झाले. पाहुण्याला चहाआधी बाग. पान आपलं आपण म्हातारं होत नाही, त्याला तसा निरोप येतो, हे ऐकल्याशिवाय सुटका नाही. मूळ तहानलं की वर सांगावा धाडतं, पानातल्या पेशी तो मानतात, होतं नव्हतं ते सत्त्व फांदीला परत करतात आणि मगच पान देठापासून सुटतं. सोयरीक घेऊन आलेल्या एका गृहस्थांनी बोलता बोलता पान खुडलं, तर आतोबांनी त्यांना विचारलं, "त्याला निरोप आला होता का?" सोयरीक तिथंच संपली. आम्ही सगळे गार!

पण खरा धक्का पुढं होता. डाळिंबाचा आंबे बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारा फुलोरा, धरायचा तर बागेला ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, मग पाणी सोडलं की कळ्या धरतात. सगळा इंदापूर तालुका हेच करतो. त्या वर्षी तर त्यांच्या लेकीला, सुमनला, नर्सिंगला पुण्याला धाडायचं होतं आणि सगळी मदार त्या बहरावर. आत्यानं नव्या ठिबकचा कॉक स्वतः बंद केला. आठवड्यानं भर दुपारी मी बागेत गेलो आणि हबकलोच. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बादली, आतोबा चोरून झाडांना पाणी घालत होते! अहो, स्वतःच्या लेकीचा बहर! मी तडक आत्याला बोलावलं. ती ओरडली नाही. बादली काढून घेत एवढंच म्हणाली, "पानांचं ऐकू येतं तुमास्नी. पोरीचं येतं का?"

आतोबा बांधावर जाऊन बसले. पानगळ होईपर्यंत रोज तिथंच बसत, धड जेवत नसत. मग पाणी सोडलं आणि बाग लाल कळ्यांनी भरली. त्यांनी जगवलेली तीन झाडं तेवढी हिरवीगार राहिली, पण एक कळी नाही. त्यांनीच ती मला नेऊन दाखवली.

सुमन पुण्याला गेली त्या दिवशी भिगवणच्या स्टँडवर गाडी दिसेनाशी झाली तरी आतोबा हलेनात. चला आता, आत्या म्हणाली.

"थांब जरा," ते म्हणाले. "पान लगेच सुटत न्हाय."

आत्यानं हातातली पिशवी खाली ठेवली आणि ती त्यांच्याजवळ उभी राहिली.